रॅप का रुचत नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘रॅप मला झेपत नाही’ म्हणणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा रॅपमध्ये जे नसतं त्याबद्दल असते. जे असतं, त्याच्यापर्यंत कान पोचतच नाही. खाली सोपे प्रश्न आधी आणि अडचणीचे नंतर घेतले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल. दुसऱ्या उत्तराचा आधार लागेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. रॅप आवडलाच पाहिजे असा आग्रह इथे नाही. ज्यांना तेवढंच ऐकायचं असेल त्यांनी थेट प्रश्न १६ वाचावा.

१. रॅप आणि हिप-हॉप एकच ना?

नाही. हिप-हॉप ही अख्खी चळवळ. डीजेचं काम, रॅप, ब्रेकडान्स आणि भिंतींवरची ग्राफिटी हे तिचे चार भाग मानले जातात. रॅप म्हणजे त्यातला तोंडाने म्हणायचा भाग. सुरुवातीला मुख्य माणूस डीजे होता. माइक धरणारा एमसी नाचणाऱ्यांना चेतवायला दोन-चार ओळी म्हणायचा, एवढंच.

पुढे लागणारे शब्द इथेच सांगून टाकतो. बीट म्हणजे मागे वाजणारं सगळं संगीत, नुसता ठोका नव्हे. बार म्हणजे चार ठोक्यांचं एक आवर्तन. व्हर्स म्हणजे कडवं, बरेचदा १६ बारचं. हुक म्हणजे ध्रुवपद. आणि फ्लो म्हणजे शब्द ठोक्यांवर बसवायची प्रत्येकाची रीत.

२. यात चाल कुठे आहे? गुणगुणता येत नाही, मग लक्षात काय ठेवायचं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि निम्म्या तक्रारींचं मूळ याच्यातच आहे. गाण्यात आवाज ठरलेल्या स्वरांवर थांबतो. रॅपमध्ये तो बोलण्यासारखा वर-खाली घसरत राहतो, कुठल्याच स्वरावर मुक्काम करत नाही. स्वरांची वाट बघत बसलेल्या कानाला त्यामुळे काहीच हाती लागत नाही. मेहनत झालेली असते ती लयीत.

हिशेब करून बघा. मिनिटाला ९० ठोके असतील तर एक बार साधारण २.६७ सेकंदांचा होतो. त्या बारची १६ बारीक घरं पाडली तर प्रत्येक घर सेकंदाचा सहावा भाग. कुठल्या घरात अक्षर टाकायचं, कुठलं रिकामं सोडायचं, जोर कशावर द्यायचा आणि यमक कुठे पाडायचं, हे रॅपरने ठरवलेलं असतं. १६ बारच्या एका कडव्यात अशी २५६ घरं होतात. चालीच्या जागी असलेली गोष्ट ती हीच.

खात्री करायची असेल तर एखादं कडवं चार-पाचदा ऐका आणि मग शब्द वगळून फक्त ‘ड ड डा, ड डा’ असं त्याच जोरांसकट म्हणून बघा. चांगलं कडवं असेल तर शब्दांशिवायही ओळखू येतं. म्हणजे गुणगुणता येतं. फक्त गुणगुणणं वेगळ्या जातीचं आहे.

रूढ अर्थाने चाल हवीच असेल तर ती बास लाइनमध्ये (खालच्या, जाड स्वरांची ओळ), मागच्या सॅम्पलमध्ये (जुन्या रेकॉर्डवरून उचललेला तुकडा) आणि हुकमध्ये शोधा. पहिल्या वेळी आवाज सोडून फक्त बासचा पाठलाग केला तरी बरीच गाणी उलगडतात.

३. हे तर नुसतं भराभर बोलणं आहे. बोलण्यात आणि रॅपमध्ये फरक काय?

बोलताना आपण श्वासाच्या आणि अर्थाच्या सोयीने थांबतो. पुढचं अक्षर नेमकं कधी येणार याचा ऐकणाऱ्याला अंदाज नसतो आणि त्याची गरजही नसते. रॅपमध्ये अंदाज असतो, आणि म्हणूनच तो चुकवता येतो. अक्षर ठोक्याच्या केसभर मागे ठेवलं तर आवाज निवांत, बेफिकीर वाटतो. केसभर पुढे ओढलं तर ताण येतो. हा फरक सेकंदाच्या काही शतांशांचा असतो. रॅपर बीटमध्ये नेमका बसला की ‘पॉकेटमध्ये आहे’ असं म्हणतात. नवख्याची फजिती इथेच होते: शब्द पाठ असतात, पण एक तर तो ठोक्यावर लाकडासारखा आदळतो, नाहीतर बारच्या शेवटी शब्द उरतात आणि तो ते कोंबतो.

बोलणं आणि गाणं यांच्यातली रेघ आपल्याला वाटते तितकी पक्की नाही. मानसशास्त्रज्ञ डायना डॉइच १९९५ मध्ये स्वतःच्याच बोलण्याचं ध्वनिमुद्रण तपासत होत्या. त्यातला एक तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राहिला आणि काही वेळाने तो चक्क गायल्यासारखा ऐकू येऊ लागला. ध्वनीत काडीचाही बदल केलेला नव्हता. बोललेलं वाक्य नुसतं पुन्हा पुन्हा ऐकलं की मेंदू त्यात सूर शोधू लागतो. म्हणून रॅप एकदा ऐकून मत बनवणं हे इतर संगीतापेक्षा जास्त फसवं ठरतं. चार बारचा तुकडा दहा वेळा ऐका आणि मग ‘नुसतं बोलणं’ हे शब्द अजून लागू पडतात का ते बघा.

४. शब्दच कळत नाहीत. दोष माझ्या कानाचा की म्हणणाऱ्याचा?

कधी कानाचा, कधी त्याचा, आणि पुष्कळदा दोघांचाही नाही.

वेगावर खापर फोडायची सवय आहे, पण ते अर्धंच खरं. प्रश्न २ मधली सगळी घरं भरली तरी सेकंदाला सहा अक्षरं होतात; नेहमीचं बोलणंही सेकंदाला चार ते सहाच्या आसपास असतं. खरा फरक अंदाजाचा आहे. बोलताना वाक्याचा शेवट आपण आधीच ताडतो, त्यामुळे अर्धे शब्द न ऐकताही काम भागतं. रॅपमध्ये शब्द यमकासाठी आणि धक्का देण्यासाठी निवडलेला असतो. नेमका तोच शब्द ताडता येत नाही. एक निसटला की तो कुठला असेल याचा विचार करेपर्यंत पुढचे सहा गेलेले असतात.

दुसरं कारण शारीरिक. शब्द वेगळे ओळखू येतात ते व्यंजनांमुळे, आणि स, श, फ, थ यांसारख्या आवाजांची ओळख वरच्या कंपनसंख्यांमध्ये, मोटामोटी २,००० हर्ट्झच्या वर असते. वयाबरोबर ऐकू येणं कमी होतं तेही आधी वरच्याच बाजूने. पन्नाशीनंतर ‘ठोका ऐकू येतो, शब्द नाहीत’ ही तक्रार असेल तर आवडीनिवडीची चर्चा करण्याआधी श्रवण चाचणी करून घेतलेली बरी. तोवर इक्वलायझरमध्ये १०० हर्ट्झच्या खालचा भाग ३-४ डेसिबलने उतरवा आणि २,००० ते ४,००० हर्ट्झचा २-३ डेसिबलने चढवा. शब्द पुढे येतात. त्याहून जास्त चढवलं तर मात्र ‘स’ टोचायला लागतो.

तिसरं, बोली. अमेरिकन रॅपचा मोठा भाग आफ्रिकन-अमेरिकन इंग्रजीत आहे. ती बिघडलेली इंग्रजी नाही. तिला स्वतःचं व्याकरण आहे. ‘ही बी वर्किंग’ याचा अर्थ ‘तो आत्ता काम करतोय’ असा होत नाही. ‘तो कामाला असतो, नेहमी करतो’ असा होतो. शाळेतलं व्याकरण लावून बसलेला माणूस इथे नेमका उलटा अर्थ घेतो. शिवाय प्रत्येक शहराची, पिढीची बोली वेगळी, आणि ती दर काही वर्षांनी कूस बदलते.

आणि काही रॅपर मुद्दाम पुटपुटतात. तिथे शब्द कळावेत हा हेतूच नसतो, आवाज हे एक वाद्य असतं (प्रश्न १४).

लिहिलेले शब्द समोर ठेवून ऐकणं हा सरळ उपाय. पण पहिल्या ऐकण्यात नको, कारण डोळे वाचनात गुंतले की कान लयीकडे दुर्लक्ष करतात. आणि इंटरनेटवरच्या शब्दांवर आंधळा विश्वास ठेवू नका. ते बरेचदा चाहत्यांनी कानाने ऐकून लिहिलेले असतात.

५. ती भाषाच येत नसेल तर ऐकण्यात काही अर्थ आहे का?

आहे, आणि एका बाबतीत फायदाही आहे. अर्थ लागत नसल्यामुळे कान आपोआप फ्लोकडे जातो. अनोळखी भाषेतला रॅप ऐकून रॅपची गोडी लागलेले लोक कमी नाहीत. श्लेष, टोमणे, संदर्भ हे सगळं मात्र हुकतं, आणि ज्या रॅपरची ताकद त्यातच आहे तो अगदी सपाट वाटतो. तेव्हा परक्या भाषेतल्या रॅपरबद्दल ‘फ्लो आवडला नाही’ एवढंच म्हणावं. ‘दम नाही’ हा निकाल राखून ठेवावा.

६. तोच तुकडा तीन मिनिटं वाजत राहतो. संगीतकाराला दुसरं काही सुचत नाही का?

तुकडा फिरवत ठेवणं हाच तर मूळ शोध आहे. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १५२०, सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीत सिंडी कॅम्पबेलने पार्टी ठेवली होती. रेकॉर्ड वाजवायला होता तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजेच डीजे कूल हर्क. गाण्यात बाकीची वाद्यं थांबून फक्त ताल उरतो त्या जागेला ब्रेक म्हणतात. नाचणारे त्याच क्षणाची वाट बघत असतात हे हर्कने हेरलं होतं. मग एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर ठेवायच्या, एकीवरचा ब्रेक संपला की दुसरीवर तोच सुरू करायचा आणि तोवर पहिली मागे फिरवायची, ही त्याची युक्ती. काही सेकंदांचा ब्रेक असा हवा तेवढा लांबायचा. पुढे एमसीने बोलायला सुरुवात केली ती या न संपणाऱ्या ब्रेकवर.

म्हणजे पुनरावृत्ती ही जमीन आहे, आणि जमीन हलली तर वर कसरत करणाऱ्याची कसरत दिसत नाही. मागे सतत स्वरसंगती बदलत राहिली तर शब्द ठोक्याच्या मागे-पुढे सरकवल्याचं कुणाच्या लक्षातही येणार नाही.

तरीही बारकाईने ऐकलं तर बीट क्वचितच जसाच्या तसा राहतो. दर चार किंवा आठ बारनंतर एखादं वाद्य येतं-जातं. पंचलाइन यायच्या आधी ड्रम क्षणभर काढून घेतात, म्हणजे शब्द उघड्यावर पडतो. ही गाळलेली जागा एकदा ओळखायला आली की कंटाळ्याची तक्रार बरीच कमी होते. काही बीट खरोखरच आळशी असतात, हेही मान्य.

७. घरात कुणी लावलं की डोक्यात घण पडतात, आणि फोनवर ऐकलं तर पोकळ वाटतं. असं का?

दोन्ही वेळी तुम्ही अर्धंच गाणं ऐकलेलं असतं. भिंत आणि दार वरच्या कंपनसंख्या अडवतात, खालच्या आरपार सोडतात. बाजूच्या खोलीतून येतो तो फक्त बास: शब्द नाहीत, यमक नाही, नुसता धम-धम. त्यावरून रॅपची परीक्षा करणं म्हणजे जेवणाची परीक्षा भांड्यांच्या आवाजावरून करणं.

फोनचं उलट. आजच्या बऱ्याच बीटमधला खोल बास रोलँड कंपनीच्या टीआर-८०८ या १९८० साली आलेल्या ड्रम मशीनच्या किक ड्रमवरून (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा आवाज) आला आहे. त्याचा मूळ स्वर ५० हर्ट्झच्या आसपास असतो, आणि फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून २०० हर्ट्झच्या खालचं फारच थोडं बाहेर पडतं. इमारत दिसते, पाया गायब. म्हणूनच बीट रचणारे जाणते निर्माते ८०८ला थोडं डिस्टॉर्शन देतात, म्हणजे आवाज मुद्दाम जरा फाडतात. त्याने १००, १५०, २०० हर्ट्झवरचे उपस्वर वर येतात आणि कान त्यावरून न वाजलेला मूळ स्वर मनात भरून काढतो. तरी ती तडजोडच.

कान नीट बंद करणारे साधे वायरचे इअरफोनही पुरतात. रबरी टोक कानात सैल बसलं तर बास पळून जातो, तेव्हा आधी टोकाचा आकार तपासा, मग गाण्याला नावं ठेवा.

८. यमक जुळतच नाहीत असं वाटतं. की मला ऐकू येत नाहीत?

बहुधा ते ओळीच्या शेवटी शोधले जातात म्हणून. सुरुवातीच्या रॅपमध्ये यमक तिथेच असायचं. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात, विशेषतः राकिम या रॅपरपासून, ते ओळीच्या पोटात शिरलं. हे समजावण्यापुरत्या दोन ओळी जुळवल्या आहेत:

रात सरली, बात उरली,
हात शिणले, वात पुरली.

चार ठोक्यांवर म्हणा. रात, बात, हात, वात हे पहिल्या आणि तिसऱ्या ठोक्यावर पडतात. सरली, उरली, पुरली दुसऱ्या-चौथ्यावर. दोन साखळ्या एकमेकींत विणलेल्या आहेत. ‘शिणले’ मुद्दाम साखळीबाहेर ठेवलाय, आणि कान नेमका तिथेच अडखळतो. रॅपर ज्या शब्दावर तुमचं लक्ष हवंय तिथे असाच खड्डा ठेवतो.

शिवाय रॅपमधलं यमक पुष्कळदा फक्त स्वरांचं असतं. व्यंजनं जुळायलाच हवीत असं नाही. इंग्रजीत ‘ऑरेंज’ला यमक नाही असं म्हणतात. एमिनेम या रॅपरने २०१० साली टीव्हीवरच्या मुलाखतीत तो शब्द फोडून, उच्चार वाकवून ‘डोअर हिंज’, ‘स्टोरेज’, ‘पॉरिज’ यांच्या पंगतीला बसवून दाखवला. कागदावर हे यमक दिसत नाही, त्याच्या तोंडून ऐकू येतं. म्हणून रॅपचे शब्द नुसते वाचून ‘ही कसली कविता’ म्हणण्यात फारसं तथ्य नाही. छापील शब्दांत उच्चार नसतो.

९. जितका जास्त वेग, तितका मोठा रॅपर का?

नाही. वेग ही दाखवण्यासारखी कसरत आहे, म्हणून तिचे व्हिडिओ फिरतात. सारख्या अंतराने अक्षरं ओतत जाणं लयीच्या दृष्टीने तुलनेने सोपं. अवघड आहे ते मध्येच थांबून नेमक्या जागी परत येणं. वेगवान रॅपने थकवा येत असेल तर तो बाजूला ठेवा, काही बिघडत नाही. मिनिटाला ८५ ते ९५ ठोक्यांची गाणी घ्या.

१०. सगळे स्वतःचीच टिमकी का वाजवतात?

कारण ही कुस्तीच्या आखाड्यातली भाषा आहे, आत्मचरित्रातली नव्हे. आफ्रिकन-अमेरिकन समाजात डझन्स नावाचा एकमेकांना हजरजबाबीपणे टोचून बोलण्याचा खेळ जुना आहे. त्यात जो चिडला तो हरला. रॅपची लढत, म्हणजे बॅटल, त्याच वळणाची. समोरच्याला शब्दांनी खाली पाडायचं तर आधी स्वतः उंच उभं राहावं लागतं. ‘मी सर्वांत भारी’ हे विधान म्हणून ऐकलं तर बालिश वाटतं. आव्हान म्हणून ऐकलं तर प्रश्न बदलतो: हेच हजारदा म्हटलेलं यानं कसं नव्यानं म्हटलं? कस तिथे लागतो.

अर्थात गाड्या, घड्याळं आणि नोटांची यादी वाचणारा रॅप भरपूर आहे आणि त्यातला बराच खरोखर रटाळ आहे. तो टाळला म्हणून कुणी अरसिक ठरत नाही. एका शैलीची ही सवय म्हणजे सगळा रॅप नाही, एवढं ध्यानात असलं की झालं.

११. शिव्या, हिंसा, बायकांबद्दलची घाणेरडी भाषा. हे का सहन करायचं?

सहन करायलाच हवं असं कुणी म्हणत नाही. हा आक्षेप कानाचा नाही, मूल्यांचा आहे, आणि कितीही वेळा ऐकून तो जावा अशी अपेक्षा नसावी. रॅपच्या आतूनही, विशेषतः स्त्री रॅपरांकडून, हाच आक्षेप सुरुवातीपासून घेतला गेला आहे.

पण दोन गोष्टींची गल्लत टाळावी. पहिली, ‘मी’ म्हणणारा प्रत्येक वेळी रॅपर स्वतः नसतो. खुन्याच्या तोंडून लिहिलेली कथा वाचून आपण लेखकाला तुरुंगात धाडत नाही. रॅपरला मात्र ती सवलत सहज मिळत नाही. अमेरिकेत रॅपच्या ओळी फौजदारी खटल्यांत पुरावा म्हणून वाचल्या गेल्या आहेत, आणि त्याला आवर घालण्यासाठी कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये कायदा केला. दुसरी, हिंसेचं वर्णन आणि हिंसेचा गौरव वेगळे. १९८२ सालीच ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्यूरियस फाइव्ह यांनी वस्तीतल्या हलाखीवरचं गाणं काढून रॅप नुसता नाचापुरता नाही हे दाखवलं. कधीकधी एकाच गाण्यात वर्णन आणि गौरव दोन्ही असतात, आणि तिथे श्रोत्याने स्वतःच ठरवावं लागतं.

बहुतेक मोठ्या गाण्यांची शिव्या काढलेली ‘क्लीन’ आवृत्ती मिळते. तोटा असा की काढलेल्या शब्दाच्या जागी भोक पडतं आणि तो शब्द यमकाचा असेल तर अख्खी ओळ लंगडते. नवख्याने क्लीन आवृत्ती ऐकून ‘याला लय नाही’ म्हणू नये. मुळातच शिव्या नसलेला रॅप निवडणं जास्त चांगलं, आणि तसा तो पुष्कळ आहे.

१२. दुसऱ्यांचं संगीत उचलून वर बोलायचं. यात कसली आली कला?

उचललेल्या तुकड्याचं काय केलं यावर ते ठरतं. १९८७ साली आलेल्या एसपी-१२०० या सॅम्पलरमध्ये जेमतेम दहा सेकंदांचा आवाज मावायचा. मग निर्माते मिनिटाला ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५च्या वेगाने वाजवून तुकडा दाटून भरत आणि यंत्रात पुन्हा संथ करत. त्या खटाटोपात आवाज खरबरीत व्हायचा. त्या काळच्या रॅपचा ओळखीचा धुरकट रंग त्यातूनही आला आहे. ड्रम एका रेकॉर्डवरून, बास दुसरीवरून, तुतारीचा अर्धा श्वास तिसरीवरून, आणि तिन्हींचा सूर-वेग जुळवून एक नवं गाणं. ते काम सोपं नाही.

नीतीचा प्रश्न मात्र खरा आहे. विन्स्टन्स या बँडच्या १९६९च्या ध्वनिमुद्रणातला ग्रेगरी कोलमन यांचा जेमतेम सात सेकंदांचा ड्रम ब्रेक पुढे असंख्य गाण्यांत वापरला गेला, पण कोलमन यांना त्याची रॉयल्टी कधी मिळाली नाही. कायद्याची बाजू १९९१ साली बदलली. बिझ मार्की या रॅपरने परवानगीशिवाय वापरलेल्या सॅम्पलवरून न्यूयॉर्कच्या न्यायालयात खटला झाला, आणि न्यायाधीशांनी निकालाची सुरुवातच ‘चोरी करू नकोस’ या बायबलमधल्या आज्ञेने केली. त्यानंतर परवानगी आणि पैसे हा रिवाज झाला, आणि एका गाण्यात डझनभर सॅम्पल रचण्याची शैली खर्चापायी आटली.

१३. ऑटो-ट्यून लावून गातात, तो रॅप का?

ऑटो-ट्यून हे सॉफ्टवेअर १९९७ मध्ये आलं ते बेसूर आवाज गुपचूप सुरात आणायला. सुधारणेचा वेग शून्यावर ठेवला की आवाज एका स्वरावरून दुसऱ्यावर टुणकन उडी मारतो. कानाला यांत्रिक लागतं ते तेच. रॅपरांनी तो दोष रंग म्हणून वापरला. त्यामुळे बोलणं आणि गाणं यांच्या मधला एक प्रदेश तयार झाला, आणि तिथल्या गाण्यांना रॅप म्हणावं की नाही यावर चाहत्यांतच भांडणं आहेत. चालीशिवाय करमत नसलेल्यांना (प्रश्न २) हाच प्रवेश सोपा पडतो, हा त्यातला गमतीचा भाग.

१४. जुना रॅप आवडतो, नवा अजिबात नाही. फक्त वयामुळे?

वय हे कारण असेलही, पण बऱ्याचदा ठोका मोजण्याची चूक असते. जुन्या, बूम-बॅप म्हटल्या जाणाऱ्या बीटमध्ये पहिल्या ठोक्यावर किक आणि दुसऱ्या-चौथ्यावर स्नेअर, म्हणजे कडक आवाजाचा छोटा ड्रम. मान आपोआप डोलते. ट्रॅप या नव्या शैलीचा वेग कागदावर मिनिटाला १४० ठोके दिसतो, पण स्नेअर तिसऱ्या ठोक्यावर एकदाच पडतो. १४०ने पाय आपटत बसलात तर गाणं घाईचं आणि चिडचिडं वाटतं. ते ७०ने मोजायचं. वर हाय-हॅटची (झांजांच्या जोडीची) जी टरटर चालते, कधी तीन-तीनच्या गटात, कधी त्याहून बारीक, तिच्याकडे सुरुवातीला लक्षच देऊ नका. फक्त स्नेअरवर टाळी द्या. दोन मिनिटांत गाणं संथ होतं.

फ्लोही बदलला. एका ठोक्यात चारऐवजी तीन अक्षरं टाकण्याची रीत २०१३च्या सुमारास मिगोस या त्रिकुटामुळे सगळीकडे पसरली, जरी ती त्यांच्या आधीपासून होती. जोडीला ॲड-लिब, म्हणजे ओळींच्या मध्ये मारलेले हुंकार आणि आरोळ्या. जुन्या रॅपचा श्रोता ओळ ऐकतो आणि हुंकाराला कचरा समजतो. इथे अर्धी लय त्या हुंकारांत असते. शब्दांची कारागिरी शोधत असाल तर निराशा होईल. ती शोधायची जागा ही नव्हे.

१५. खरंच प्रयत्न करायचा असेल तर कसा करू?

सलग तासभर ऐकू नका. कान शिणतो आणि सगळं एकसारखं होतं. एकच गाणं, १६ बारचं एकच कडवं घ्या. ९०च्या वेगात ते जेमतेम ४३ सेकंदांचं असतं.

पहिल्या दोन वेळा शब्दांकडे पाठ फिरवा आणि फक्त किक-स्नेअरवर बोट आपटा. तिसऱ्या वेळी बास. चौथ्या-पाचव्या वेळी आवाज ऐका, पण अर्थ नको: तो श्वास कुठे घेतो, कुठला शब्द ओढतो, कुठे बीटच्या मागे पडतो. मग छापील शब्द घ्या आणि जुळणारे स्वर पेन्सिलीने खुणावा. प्रश्न ८ मधल्या साखळ्या डोळ्यांना दिसू लागतात. शेवटी कागद ठेवून द्या आणि पुन्हा ऐका. सगळं मिळून दहा मिनिटं. दुसऱ्या दिवशी तेच कडवं, नवीन नको.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे चाहत्याने ‘सर्वश्रेष्ठ’ म्हणून सांगितलेल्या गाण्यापासून सुरुवात करणं. चाहत्यांची आवडती गाणी पुष्कळदा इतर रॅप माहीत असेल तरच कळतात. कथा सांगणारा रॅप घ्या, म्हणजे निदान पुढे काय झालं या ओढीने तरी कडवं पूर्ण ऐकलं जातं. आधी जॅझ किंवा फंक आवडत असेल तर त्याच रेकॉर्डवर रचलेला रॅप घ्या, निम्मं घर ओळखीचं निघतं.

१६. सगळं केलं, सगळं कळलं, तरी आवडत नाही. माझ्यात काही कमी आहे का?

नाही. कळणं आणि आवडणं ही वेगळी खाती आहेत. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये दाखवलं की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती जास्त आवडू लागते. पण मुळात नावड असेल तर पुनरावृत्तीने ती पक्कीही होऊ शकते. पंधरा दिवस प्रश्न १५ प्रमाणे ऐकून काहीच हललं नाही तर थांबा.

काही माणसांना ठोका पकडणंच अवघड जातं, आणि काहींना कुठल्याच संगीतातून आनंद मिळत नाही, बाकीचे आनंद शाबूत असूनही. दोन्ही गोष्टी संशोधकांनी नोंदवल्या आहेत. पण इतर संगीत आवडतं आणि रॅप तेवढा आवडत नाही, तर ती निव्वळ आवड आहे. तिला निदानाची गरज नाही. ‘मला आवडत नाही’वरून ‘हे संगीतच नाही’वर उडी मारली, तरच वाद सुरू होतो, आणि २०१८ साली केंड्रिक लमार या रॅपरला संगीताचं पुलित्झर मिळाल्यावर ती उडी जरा जास्तच लांब पडते.

१७. मी संगीत शिकलोय, ताल पक्का आहे. तरी रॅप बाळबोध वाटतो. मग?

शिक्षणच आड येतंय. शिकलेला कान स्वरसंगतीचा प्रवास शोधतो, तो इथे नसतो, आणि चार ठोक्यांचा ठेका त्याला पहिल्या सेकंदात कळून चुकतो. तो ठेका सोडून द्या आणि आवाज त्याच्याशी कसा भांडतो ते मोजा. १६ घरांच्या बारमध्ये रॅपर ३+३+३+३+२+२ असे गट पाडतो का? वाक्य बारच्या रेषेवर संपतं, की रेषा ओलांडून पुढच्या बारच्या दुसऱ्या ठोक्यावर? यमक दर बारला एकेक घर आधी सरकतं का? हे कागदावर मांडलं की बाळबोध हा शब्द सहसा टिकत नाही.

निर्मात्यांकडेही बघा. ड्रम मशीनमध्ये वाजवलेला ठोका आपोआप सरळ रेषेत आणायची सोय असते. जे डिला हा निर्माता ती सरसकट वापरत नसे. त्याचे काही ठोके जाणूनबुजून किंचित मागे-पुढे असतात आणि बीट झिंगल्यासारखा चालतो. तालाचे पक्के लोक पहिल्यांदा ऐकून ‘हा चुकलाय’ म्हणतात. मग तीच ‘चूक’ प्रत्येक आवर्तनात त्याच जागी येते. त्याचं एमपीसी-३००० हे ड्रम मशीन आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

१८. ध्वनिमुद्रण आवडलं, पण प्रत्यक्ष कार्यक्रमात काहीच कळलं नाही. असं का झालं?

नेहमीचं आहे. स्टुडिओत एक कडवं तुकड्या-तुकड्यांत, दोन-तीन थर देऊन म्हटलेलं असतं. मंचावर तोच माणूस उड्या मारत म्हणतो, श्वास पुरत नाही, म्हणून ओळींची शेवटची अक्षरं साथीदार म्हणतो किंवा मागच्या ट्रॅकमधून येतात. माइकची जाळी मुठीत धरायची रॅपरांची सवय तर घातकच: त्याने माइकचा दिशेचा गुण बिघडतो, आवाज घोगरा होतो आणि व्यंजनं जातात. त्यात मोठ्या सभागृहात बास घुमत राहतो आणि उरलेसुरले शब्द झाकतो.

मंचाला खेटून उभे राहू नका, तिथे बास पेटी सगळ्यात जवळ असते. ध्वनी मिश्रण करणाऱ्याच्या टेबलाजवळ जागा घ्या. तो जे ऐकून जुळवतोय तेच तुम्हाला ऐकू येतं. कानात साधे फोमचे बोळे घातलेत तर वरचे आवाज जास्त कापले जातात आणि शब्द आणखी बुडतात. सगळ्या कंपनसंख्या सारख्या उतरवणारे संगीतासाठीचे इअरप्लग मिळतात, ते घ्या. आणि जाण्याआधी निदान चार-पाच गाणी पाठ असू द्या. गर्दीतले बाकीचे लोक शब्द ऐकत नसतात. ते आठवत असतात.